जखमेची नोंद: चमकणाऱ्या जेलविषयी काही मुद्दे

अण्णांच्या पायाच्या अंगठ्याला नवी चप्पल लागली आणि पुढचे पाच महिने आमच्या घरातले दिवस ड्रेसिंगवर मोजले जाऊ लागले. त्यांची शुगर वीस वर्षांची. पायाची जाणीव इतकी कमी झाली होती की चप्पल लागल्याचं त्यांना कळलंच नाही. मोज्यावरचा डाग आईने पाहिला. मग मी त्यांना दिवसाआड रिक्षाने दवाखान्यात नेऊ लागले. सिस्टर जुनी पट्टी सोडवायच्या, सलाईनने जखम धुवायच्या, वाकून बघायच्या, वासाचा अंदाज घ्यायच्या आणि नवी पट्टी बांधायच्या. केसपेपरवर शेरा दर वेळी एकच: ड्रेसिंग केले. एकदा मी विचारलं, "सिस्टर, भरतेय का हो?" त्या खरं तेच बोलल्या, "ताई, मागच्या वेळी माझी ड्यूटी नव्हती. आधी कशी होती ते मला कसं सांगता येईल?" शेवटी अंगठा काढावा लागला.

मी पॉलिमर रसायनशास्त्र शिकवते. त्याच महिन्यांत सकाळी आम्ही वर्गात ज्या शोधनिबंधांवर चर्चा करत होतो, त्यांत नायट्रिक ऑक्साइडचा स्पर्श होताच हिरवं चमकणाऱ्या जेलविषयी लिहिलेलं होतं. दुपारी मी दवाखान्यात असायचे, आणि तिथे जखम वाचायला डोळे आणि नाक याखेरीज काही नव्हतं. या दोन जागांमधलं अंतर कुणी कापायचं, हे आपण नागरिकांनी विचारायला हवं. आपल्या देशात अशा संशोधनाचा बराचसा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. म्हणून हे मुद्दे.

१. हा रेणू कोण?

नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू, एवढाच नायट्रिक ऑक्साइड. गाड्यांच्या धुरात तो असतो आणि हवेत मिसळून प्रदूषणात भर घालतो. बरीच वर्षं त्याची ओळख तेवढीच होती. मग कळलं की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर हाच वायू तयार करतं आणि त्याच्या इशाऱ्यावर वाहिन्या सैल होतात. छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली धरायची गोळी शरीरात याच वायूच्या रूपाने काम करते. रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना या शोधांसाठी १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

जखमेत हा रेणू तीन कामं करतो: रक्ताचा पुरवठा वाढवतो, जंतूंशी लढणाऱ्या पेशींच्या हातातलं हत्यार होतो आणि नवी त्वचा व कोलॅजन घडवणाऱ्या पेशींना कामाला लावतो. मधुमेह असलेल्या प्राण्यांच्या जखमांमध्ये तो कमी तयार होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. उलट पायावरच्या काही जुनाट शिरांच्या जखमांमध्ये तो तयार करणारं विकर जास्त आढळतं. म्हणजे एका दिवसाचा एक आकडा पाहून "कमी म्हणजे वाईट, जास्त म्हणजे चांगलं" असं म्हणता येत नाही. त्याच जखमेचा पहिल्या आठवड्याचा आकडा आणि चौथ्या आठवड्याचा आकडा शेजारी ठेवले, तरच काही अर्थ लागतो. अण्णांच्या केसपेपरवर नेमकं तेच शेजारी ठेवणं नव्हतं.

२. मोजायला इतका अवघड का?

शरीरात तो काही सेकंदच टिकतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला भेटताक्षणी गिळतं. त्यामुळे जखमेतला द्रव नळीत घेऊन प्रयोगशाळेत पाठवला, तर तिथे पोचतो तो त्याचा मागमूस, म्हणजे नायट्राइट. पीटर ग्रीस यांनी १८७९ मध्ये सांगितलेली गुलाबी रंगाची तपासणी आजही त्यासाठीच वापरतात. तिचं मोल कमी नाही. पण चूल विझल्यावर राखेवरून स्वयंपाकाचा अंदाज घ्यावा, तसं ते आहे.

१९९८ मध्येच टोकियो विद्यापीठातल्या तेत्सुओ नागानो यांच्या गटाने एक वेगळी वाट दाखवली. फ्लुओरेसिन हा ओळखीचा चमकणारा रंग घेऊन त्यांनी त्यावर दोन अमिनो गट अगदी शेजारी शेजारी बसवले. त्या जोडीमुळे रंगाची चमक दबून राहते. नायट्रिक ऑक्साइड ऑक्सिजनशी संयोग पावून जे रूप घेतो, ते या जोडीला भेटलं की दोन गटांची मिळून एक कडी होते, दबाव उठतो आणि निळ्या प्रकाशाखाली रंग हिरवा उजळतो. पुढे २००६ मध्ये अमेरिकेत एमआयटीमधल्या स्टीफन लिपर्ड यांच्या गटाने तांब्याचा आधार घेऊन थेट नायट्रिक ऑक्साइडशीच प्रतिक्रिया देणारा रंग तयार केला. पेशींमधला हा वायू सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागला, तो अशा रंगांमुळे.

३. मग जेल कशाला?

रंग नुसताच जखमेवर टाकला तर तो वाहून जाईल, शरीरात शिरेल आणि कुठे काय चमकलं हेही कळणार नाही. हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारं पॉलिमरचं जाळं. त्याच्या धाग्यांना रंग रासायनिक बंधाने बांधला की तो जागचा हलत नाही. वायू लहान असल्याने जाळ्यातून सहज आत येतो. पेशी आणि मोठी प्रथिनं बरीचशी बाहेर राहतात. सिरिंज, सुई काही नको. जे पट्टी म्हणून ठेवायचं, तेच मोजतंही.

आणि पट्टी म्हणून जेल ही काही परकी कल्पना नाही. प्राग शहरात ऑट्टो विख्तर्ले आणि द्राहोस्लाव लीम यांनी १९६० मध्ये पाणी शोषणाऱ्या जेलविषयी निबंध प्रसिद्ध केला. १९६१ च्या नाताळात विख्तर्लेंनी मुलांच्या जोडणीच्या खेळण्यातले भाग आणि सायकलचा डायनामो वापरून स्वयंपाकघरात पहिल्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतल्या. लगेच १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवर दाखवून दिलं की झाकलेली, ओलसर ठेवलेली जखम उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने भरते. जखम ओलसर ठेवणाऱ्या जेलच्या चकत्या आज औषधांच्या दुकानांत मिळतात. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात 'जलशक्ती' हा पाणी धरून ठेवणारा पॉलिमर शेतीसाठी तयार केला होता. थोडक्यात, पट्टी आहे, रंग आहे, जेल करण्याचं कसब आपल्याच राज्यात आहे.

४. प्रयोगशाळेतला हिरवा आणि ड्रेसिंगच्या खोलीतला हिरवा

इथे मला सगळ्यांत जास्त वेळ थांबायचं आहे, कारण अडतं इथे.

शोधनिबंधातल्या आलेखावर हिरवी चमक नायट्रिक ऑक्साइडच्या प्रमाणात सरळ रेषेत चढते. ती रेषा खरी असते, पण बहुतेक वेळा स्वच्छ, आम्लता स्थिर ठेवलेल्या पाण्यात मोजलेली असते. आता असा रंग बांधलेली जेलची चकती आपल्या दवाखान्यात आलेल्या पायावर ठेवून बघू.

घरी कुणीतरी हळद लावलेली असते. आमच्याही घरी लावली होती. मी रसायनशास्त्राची बाई असून आईला थांबवू शकले नाही. हळदीतला कर्क्युमिन निळ्या प्रकाशाखाली स्वतःच हिरवट-पिवळा चमकतो. चकती हिरवी दिसली ती वायूमुळे की हळदीमुळे, हे साध्या कॅमेऱ्याला कळणार नाही. पुण्याच्या, नागपूरच्या, सावंतवाडीच्या रुग्णासाठी हा अपवाद नाही, रोजची गोष्ट आहे. पण परदेशातल्या प्रयोगशाळेत तो प्रश्न कुणाच्या मनातही येणार नाही.

मग ड्रेसिंगला आयोडीनचं तपकिरी औषध. ते निळा प्रकाश शोषतं आणि फ्लुओरेसिनसारख्या रंगांची चमक मंदावतं. चकतीवर रक्त लागलं तर हिमोग्लोबिन वायूही गिळतं आणि प्रकाशही अडवतं. जुनाट जखम अल्कधर्मी असते, भरू लागली की तिची आम्लता बदलते, आणि फ्लुओरेसिनच्या घराण्यातल्या बहुतेक रंगांची चमक आम्लतेवरही अवलंबून असते. क जीवनसत्त्व शरीरात असतंच. त्याचं ऑक्सिडीकरण झालेलं रूप नागानोंच्या रंगाशी संयोग पावून नायट्रिक ऑक्साइड नसतानाही चमक देऊ शकतं, हे रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे.

आणखी एक अडचण माझ्या मते सगळ्यांत गंभीर आहे. नागानोंच्या रंगाला ऑक्सिजन लागतो, आणि मधुमेहाच्या पायाचा एक मोठा त्रास असा की अनेकदा रक्तपुरवठा कमी, म्हणून ऑक्सिजन कमी. म्हणजे जी जखम सर्वाधिक धोक्यात आहे, नेमकी तिथेच हा रंग कमी बोलेल. चकती अंधारी राहिली तर वायू कमी आहे की ऑक्सिजन कमी आहे, हे वेगळं काढता आलं पाहिजे. नाहीतर सिस्टरच्या डोळ्यांना आपण मदत करत नाही, त्यांची दिशाभूल करतो.

शिवाय अमिनो गटांची एकदा कडी झाली की ती परत सुटत नाही. त्यामुळे चकती या क्षणी किती वायू आहे हे सांगत नाही. लावल्यापासून एकूण किती येऊन गेला हे सांगते. पाण्याचं मीटर पूर्ण महिन्याचा वापर दाखवतं, तसं. दिवसाआड बदलायच्या पट्टीसाठी ही त्रुटी नाही, उलट सोयच आहे, फक्त लावल्याची आणि काढल्याची वेळ लिहिली पाहिजे.

यातली एकही अडचण अशक्य कोटीतली नाही. एकाच चकतीत वायूला प्रतिसाद न देणाऱ्या दुसऱ्या रंगाचा ठिपका बांधून तुलना करता येते. हळद असेल तर तोही ठिपका उजळेल आणि खोटं उघडं पडेल. आम्लता वेगळी दाखवणारा तिसरा ठिपका ठेवता येतो. तांब्याच्या आधारावरचे रंग वापरता येतात. पण हे सगळं सुचतं तेव्हाच, जेव्हा संशोधकाने ती अडचण पाहिलेली असते. आणि पाहण्याची जागा ड्रेसिंगचं टेबल आहे.

५. म्हणून सरकारी पैशाला एक अट

२०२०-२१ मध्ये देशाने संशोधन आणि विकासावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या फक्त ०.६४ टक्के खर्च केला. आता २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभं राहिलं आहे, आणि पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचा आराखडा आहे, त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून यावा अशी अपेक्षा आहे. पैसा मोजका असताना अट स्पष्ट असली पाहिजे. आरोग्याच्या नावाने सेन्सरला अनुदान मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावात लिहिलेलं असावं की कोणत्या दवाखान्यात, कोणत्या खऱ्या द्रवात, कोणाच्या हातून तो तपासला जाईल. प्रस्तावाच्या चमूत ड्रेसिंग करणारी एक सिस्टर असावी, मानधनासह आणि निबंधात नावासह. हळद, आयोडीन, रक्त आणि घाम यांच्यासह केलेल्या चाचणीशिवाय 'जखमेसाठी उपयुक्त' हे शब्द कुणालाही लिहू देऊ नयेत.

जे जमलं नाही, ते प्रसिद्ध करायला पैसा आणि मान दोन्ही द्यावेत. फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत १९७८ मध्ये सहायकाने सांगितलेल्या क्रमाने प्रयोग केला नाही आणि रक्तवाहिनीचा तुकडा आकुंचन पावायच्या ऐवजी सैल पडला. त्यांनी ती चूक फेकून दिली नाही, तिचा माग काढला. त्या मागातून रक्तवाहिनीच्या अस्तराचं महत्त्व कळलं. आपल्याकडे एखाद्या विद्यार्थिनीचं जेल हळदीने फसलं, तर ती ते पान वहीतून काढून टाकते, कारण फसलेल्या प्रयोगावर पदवी मिळत नाही. ते पान सगळ्यांना वाचायला मिळालं पाहिजे.

६. आपल्या शरीरांवर तपासा

२०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं की बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिजन कमी असूनही ठीक दाखवतं, आणि असं गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा घडतं. त्याच यंत्राच्या भरवशावर करोनात आपण घरातल्या माणसांना दवाखान्यात न्यायचं की नाही ते ठरवत होतो. प्रकाशावर चालणारं प्रत्येक साधन त्वचेच्या रंगाला सामोरं जातं. जेलची चकती पारदर्शक असली तर खालची त्वचा आणि जखम दोन्ही तिच्या चमकीत मिसळतात. त्यामुळे ती आपल्या रंगांच्या पायांवर, उन्हाळ्यातल्या विदर्भात आणि पावसाळ्यातल्या कोकणात तपासायला हवी. जेलमधलं पाणी उडतं, रंग उन्हाने विटतो. वातानुकूलित खोलीतली सहा महिन्यांची मुदत तालुक्याच्या गोदामात किती उरते, हे कागदावर असावं.

७. सुरक्षितता

यावर वाद नको. जेल पुष्कळदा अॅक्रिलामाइडपासून करतात. तयार पॉलिमर निरुपद्रवी, पण उरलेला सुटा अॅक्रिलामाइड मज्जातंतूंना घातक आहे आणि कर्करोगाच्या बाबतीतही संशयित आहे. ज्याच्या पायाचे मज्जातंतू आधीच मधुमेहाने मारले आहेत, त्याच्या उघड्या जखमेवर तो नको. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे आहेत, त्यांच्या वर्गवारीतूनच हे साधन जावं. वापरलेली चकती इतर रक्ताळलेल्या पट्ट्यांसारखीच पिवळ्या पिशवीत जाईल. म्हणजे शेवटी ती जाळली जाईल, याचाही हिशेब जेल निवडताना व्हावा.

८. वाचणार कोण आणि आकडा कुणाचा?

निळा एलईडी, एक पिवळा फिल्टर आणि सिस्टरच्या टेबलावरचा साधा फोन, एवढ्यावर वाचन झालं पाहिजे. चकतीच्या कडेला छापलेल्या चार छटांशी डोळ्यांनी तुलना करता येत असेल तर फोनही नको. सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत. वाचायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर गर्दीच्या ओपीडीत ती चकती कपाटातच राहील, हे मी दिवसाआड रांगेत बसून पाहिलं आहे.

आकडा रुग्णाचा. तो केसपेपरवर शाईने लिहिला जावा, नुसता कंपनीच्या अॅपमध्ये राहू नये. रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात गेला, दुसऱ्या सिस्टरची ड्यूटी लागली, तरी मागचा आकडा त्याच्या हातात असावा.

९. "आधी साध्या गोष्टी तरी द्या"

हा आक्षेप मी स्वतःच स्वतःवर घेतला आहे, आणि तो खरा आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. यांतल्या कितीतरी लोकांच्या पायाला दवाखान्यात कुणी कधी हात लावलेला नसतो. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा एक धागा तळव्याला टेकवून जाणीव आहे की नाही ते पाहता येतं. त्याला ना प्रयोगशाळा लागते ना वीज. अण्णांची ती तपासणी चप्पल लागण्याआधी झाली असती, तर पुढचं कदाचित काहीच घडलं नसतं. मऊ पादत्राणं, दर भेटीत पाय पाहण्याची सवय, रिकाम्या जागांवर सिस्टरची भरती: हे आधी, आणि जेलसाठी त्यातला एकही रुपया वळवू नये.

पण जेलवर संशोधन होणारच आहे. प्रबंध लिहिले जाणारच आहेत, अनुदानं मंजूर होणारच आहेत. तो पैसा आरोग्य खात्याचा नाही, संशोधनाचा आहे. प्रश्न आहे तो त्या कामाचं तोंड कुठे वळलेलं असावं एवढाच.

१०. कुठून सुरुवात करता येईल?

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पाषाणला आहे, ससून रुग्णालय स्टेशनजवळ आहे, आणि मधे विद्यापीठ आहे. मुंबईत रसायन तंत्रज्ञान संस्था माटुंग्याला आणि केईएम रुग्णालय परळला, लोकलने काही स्टेशनांच्या अंतरावर. महापालिकेच्या आरोग्य समितीने आणि विद्यापीठाच्या संशोधन विभागाने मिळून एक ठराव करावा: पॉलिमर किंवा सेन्सरवर पदव्युत्तर काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षातला एक महिना महापालिकेच्या ड्रेसिंगच्या खोलीत घालवावा. तिथे काही मोजायचं नाही, कुणाला शिकवायचं नाही. पट्ट्या सोडवताना बघायचं, सलाईनची बाटली धरायची, सिस्टर कशाकडे वाकून बघतात ते विचारायचं. हळद कुणी लावली होती, किती दिवस, कशात कालवून, हे वहीत लिहायचं. माझ्या दोन विद्यार्थिनी पुढच्या सत्रात असं करायला तयार आहेत. त्यांना आत जाऊ देण्याचं पत्र मी दवाखान्याला दिलं आहे आणि उत्तराची वाट पाहते आहे.